फुकटचा नकाशा

लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण आमच्या सासुरवाडीला एक कोडं अजून सुटलेलं नाही. ते म्हणजे, जावई रात्री काय करतो? वाचकांनी भलता अर्थ काढण्याच्या आत सांगून टाकतो, की जावई रात्री प्रोग्रॅम लिहितो. दिवसाही तेच करतो. पण दिवसाचं काम पुण्यातल्या एका कचेरीत, पगारी. रात्रीचं काम घरी, जेवणाच्या टेबलावर, ताटं उचलून झाल्यावर, बिनपगारी. दिवसाच्या कामाबद्दल सासुरवाडीची काही तक्रार नाही.

सासुरवाडी मावळात, भाजे. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडायचा आणि विसापूरच्या डोंगराकडे तोंड करून चालू लागायचं, की भाजे. गावाच्या डोक्यावर बावीस लेणी, दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची. लेण्यांच्या डोक्यावर विसापूर. खिंडीपलीकडे लोहगड. या लोहगडाला २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली आणि शेजारच्या विसापूरला मिळाली नाही. तेव्हापासून दोघांत जरा अबोला असावा, असं मला खिंडीतून जाताना उगीचच वाटतं. पावसाळ्यात डोंगरावरून धबधबा, धबधब्याखाली निम्मं पुणं आणि निम्मी मुंबई. खाली भाताची खाचरं आणि खाचरांत इंद्रायणी. हा तांदूळ जवळच्याच वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली दिला. मामींनी त्याचा वाफाळता भात वाढायला घेतला, की जावयाची कुठलीही तत्त्वं पहिल्या मुदीच्या पुढे टिकत नाहीत.

मामा म्हणजे आमचे सासरे. त्यांनी एकदा ओटीवर मला गाठलं.

"जावईबापू, ह्या रातच्या कामाचा पगार किती?"

"काही नाही, मामा."

"मंग मालक कोन?"

"मालक नाही."

मामांनी गोठ्यातल्या म्हशीकडे पाहिलं. महत्त्वाच्या विषयावर बोलण्याआधी ते तिच्याकडे पाहतात.

"म्हंजी पगार न्हाई, मालक न्हाई, आन् काम मातुर संपत न्हाई."

"हो."

"याला आमच्याकडं संसार म्हनत्यात."

आता हे काम काय, ते सांगायला हवं. क्यूजीआयएस नावाचा एक प्रोग्रॅम आहे. आपल्या संगणकावर बसवायचा आणि त्यात नकाशे करायचे, बघायचे, मोजायचे. नद्या एका थरावर, रस्ते दुसऱ्या, शेतं तिसऱ्या. कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर एकावर एक. २००२ साली अलास्कातल्या गॅरी शर्मन नावाच्या गृहस्थांना आपल्या संगणकावर नकाशाची माहिती बघायला मनाजोगता प्रोग्रॅम मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच तो लिहायला घेतला. आपल्याला मनाजोगता चहा मिळाला नाही तर आपण हॉटेल बदलतो. हॉटेल काढत नाही. या गृहस्थांनी काढलं, आणि वर पाटी लावली, की चहा फुकट, मुदपाकखाना उघडा, ज्याला आलं घालायचंय त्यानं आत येऊन घालावं. अट एकच. सुधारलेला चहा दुसऱ्याला द्याल, तर त्याची कृतीही द्यायची, झाकून ठेवायची नाही.

आले लोक. जगभरातून आले. २००९ च्या जानेवारीत त्याची १.० ही आवृत्ती निघाली. म्हणजे बाळ सात वर्षांचं झाल्यावर बारसं. तेव्हा नाव क्वांटम जीआयएस होतं. २०१३ साली ते नुसतं क्यूजीआयएस झालं. क्वांटमचा अर्थ विचारणारे फार झाले असावेत, असा माझा तर्क. आता दर चार महिन्यांनी नवी आवृत्ती निघते आणि बहुतेक आवृत्त्यांना एखाद्या गावाचं नाव असतं. लिस्बन झालं, पिसा झालं, झांझिबार झालं, लिमा झालं. ३.१४ या आवृत्तीला मात्र गाव सोडून 'पाय' नाव दिलं. गणितातला पाय. हे मी कौतुकानं सांगितलं, तेव्हा मामी म्हणाल्या, "आन् हात?"

माझा या कामात हातभार कितपत? पहिल्यांदा मी जी चूक दुरुस्त केली, ती एका खिडकीतल्या एका बटणाची. ते बटण दुसऱ्यांदा दाबलं, की प्रोग्रॅम नव्या सुनेसारखा गप्प बसे. दुरुस्ती पाच ओळींची. पण त्या पाच ओळी बसतात की नाही, हे पाहायला सगळा प्रोग्रॅम आपल्या संगणकावर बांधून काढावा लागतो. माझ्या जुन्या लॅपटॉपला पहिल्या वेळी पाच तास लागले. त्याच्या पंख्याचा आवाज ऐकून आमच्या हिनं दोनदा उठून गॅस बंद आहे का पाहिलं. शेवटी दुरुस्ती पाठवली. परदेशातल्या एका गृहस्थांनी ती तपासली. पाच ओळींवर सोळा सूचना! इथे जागा जास्त सुटली, ते नाव नियमात बसत नाही, आणि ही दुरुस्ती चालते हे सिद्ध करणारी चाचणी कुठे आहे? आमच्या लग्नाच्या वेळी मामांनीसुद्धा मला इतके प्रश्न विचारले नव्हते. तीन आठवड्यांनी ते गृहस्थ समाधान पावले आणि माझ्या पाच ओळी, ज्यांतली मूळची आता एकही उरली नव्हती, आत गेल्या. मी पेढे आणले. घरात कुणी कारण विचारलं नाही, पेढे मात्र संपले.

"पर हे वापरतंय कोन?" मामांनी पुन्हा कधीतरी विचारलं. मी सांगितलं, की मराठवाडा-विदर्भातल्या दुष्काळी गावांत पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, पिकाला किती कमी पडला, याचा ताळेबंद मांडायला मुंबईच्या आयआयटीतल्या मंडळींनी याच प्रोग्रॅमला जोडून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे. पाण्याचं नाव निघाल्याबरोबर मामा सावरून बसले.

"आसं? मंग आमच्या शेताचा करून दावा की नकाशा."

इथून पुढच्या सगळ्या अनर्थाला ही ओटी साक्षी आहे.

जूनचा शेवटचा आठवडा होता. रोपं तयार होत आली होती. मी फोन घेऊन मामांच्या मागे खाचराखाचरातून हिंडलो. गोठा, विहीर, ओढ्यावरची फरशी, बांधावरचा आंबा, प्रत्येक ठिकाणी उभं राहून फोन दाखवेल ते अक्षांश-रेखांश वहीत उतरवले. संध्याकाळी आकडे संगणकाला दिले. भाजे कुठेच दिसेना. मामा, मामी, मेहुणा, सगळे पडद्याकडे डोळे लावून बसलेले आणि पडद्यावर निळंशार पाणी. फोन अक्षांश आधी सांगतो, रेखांश मग. प्रोग्रॅमला आडवा आकडा आधी लागतो, उभा मग. मी आकडे फोनच्याच क्रमाने दिले होते. त्यामुळे आमची अख्खी सासुरवाडी नॉर्वेच्या उत्तरेला, अस्वल बेटाच्या खाली शंभरेक किलोमीटरवर, बर्फाळ समुद्रात जाऊन पडली होती.

"धरन झालं का काय?" मामींनी घाबरून विचारलं. मावळातल्या माणसाला गावावर पाणी दिसलं, की पहिली शंका धरणाचीच येते.

आकड्यांची अदलाबदल केली आणि गाव परत आणलं. मग प्रत्येक खाचराचा गट नंबर आणि मालकाचं नाव यांचा तक्ता केला आणि शेपफाइल म्हणून जपून ठेवला. शेपफाइल नाव एकवचनी, पण प्रत्यक्षात ते एकत्र कुटुंब आहे. निदान तीन फायली एकमेकींचा हात धरून असतात. एकीलाच बोलावलं तर ती येऊन नुसती उंबऱ्यात उभी राहते. शिवाय तिच्यात रकान्याचं नाव फार तर दहा खणांचं. इंग्रजी अक्षराला एक खण पुरतो, आपल्या देवनागरीला प्रत्येक अक्षरापायी तीन, आणि कानामात्रेलाही वेगळे तीन. तेव्हा मी हौसेनं लिहिलेल्या 'मालकाचे नाव' या मथळ्यातलं फक्त 'माल' एवढंच उरलं. 'माल' या शब्दाखाली आमच्या सासऱ्यांचं नाव, त्याखाली चुलत सासऱ्यांचं. मेहुण्यानं ते वाचून दाखवलं, तेव्हा मामी पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

चुलत सासरे म्हणजे नाना. मामांचे सख्खे चुलतभाऊ, सख्खे शेजारी आणि बांधाला बांध लागून असलेले. मराठी वाचकाला याहून जास्त सांगायला नको. पण या दोघांत आजवर तंटा नव्हता, हे मुद्दाम सांगतो. बांधावरचा आंबा मामांचा, त्याची सावली नानांची आणि आंबे दोघांच्या नातवंडांचे, असा अलिखित करार होता. दोन्ही घरांची आवणी सावडीनं होई: आज सगळ्यांनी मिळून यांच्या खाचरात, उद्या त्यांच्या.

नकाशा नुसता रेघांचा दिसत होता, म्हणून शोभेला खाली सर्वेक्षण विभागाचा एक जुना नकाशा अंथरला. ओढे, वाटा, डोंगराच्या रेषा, काय सुरेख काम! त्यावर माझे ठिपके टाकले आणि मी हिच्याशी बोलायला आत गेलो. तेवढ्यात मेहुण्यानं पडद्याचा फोटो काढून भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. खाली लिहिलं, 'दाजींनी बनवला. एकदम अचूक.'

सकाळी नाना ओटीसमोर उभे. हातात फोन, डोळ्यांवर चष्मा.

"पाव्हनं, ह्यो आंबा माज्या खाचरात कवा आला?"

मी पाहिलं. आंबा खरंच नानांच्या खाचराच्या मधोमध होता. गोठा ओढ्यात होता, विहीर रस्त्यावर होती. गाव जागेवर होतं, पण त्यातला प्रत्येक माणूस झोपेत शंभरावर मीटर चालून गेल्यासारखा सरकला होता. हे सगळं नानांना दिसत नव्हतं. आंबा दिसत होता.

"आंबा माझाच हाय," मामा आतून म्हणाले.

"तुजा जावई तर म्हनतो माजा."

"जावयाला काय कळतंय!"

एकोणीस वर्षांत माझ्याबद्दल मामांनी काढलेला हा पहिला स्पष्ट उद्गार. नाना निघून गेले. जाताना म्हणाले, की आवणीला यंदा आपापली माणसं बघावीत.

हे ऐकून मामींचा चेहरा उतरला. रोपं वाट बघत नाहीत. पाऊस असताना चार दिवसांत लावली तर लावली, नाहीतर रोपं जून होतात आणि वर्षभराचा भात हातचा जातो. मजूर त्या दिवसांत सोन्याच्या भावानं मिळत नाहीत. सगळ्यांच्याच खाचरात त्याच वेळी पाणी असतं. आणि हे सगळं कशापायी? तर फुकट नकाशापायी. 'एखाद्याला दारूचा नाद असता तर निदान किती गेली ते तरी कळतं,' असं कुणीतरी माजघरात बोललं. आवाज ओळखीचा होता, पण मी त्या खोलात गेलो नाही.

रात्रभर बसलो. पहाटे चूक सापडली. प्रोग्रॅमची नव्हती, माझी होती. तो जुना नकाशा एव्हरेस्टच्या पृथ्वीवर काढलेला होता आणि मी प्रोग्रॅमला सांगितलं होतं, की तो आजच्या पृथ्वीवरचा आहे.

सकाळी नानांच्या घरी गेलो. सोबत मामा नाहीत, फक्त लॅपटॉप.

"नाना, पृथ्वी दोन आहेत."

नानांनी बायकोला चहा टाकायला सांगितलं. वेड्याला आधी बसवावं, ही जुनी रीत आहे.

मी समजावलं. एव्हरेस्ट हे शिखर नंतर. आधी तो माणूस, इंग्रज मोजणीसाहेब. त्यानं १८३० साली हिंदुस्थानच्या मोजणीसाठी पृथ्वीचा आकार ठरवला आणि आपले नकाशे पुढे दीडशेच्यावर वर्षं त्याच मापाच्या पृथ्वीवर निघाले. पुढे उपग्रह आले आणि १९८४ साली जगासाठी नवं माप ठरलं. फोन त्यावर चालतो. साहेबाची पृथ्वी आजच्यापेक्षा त्रिज्येत ८६० मीटर बारीक. शिवाय तिचा मध्यही वेगळ्या जागी. त्यामुळे एका पृथ्वीवरचा आंबा तसाच उचलून दुसरीवर ठेवला, की आपल्याकडे शंभरावर मीटर सरकतो.

नाना बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो मला त्या सोळा सूचनावाल्या गृहस्थांनाही सुचला नसता.

"मंग सात-बारा कंच्या पृथ्वीवरचा?"

मी म्हटलं, "नाना, सात-बारा तुमच्या-मामांच्या पृथ्वीवरचा." मग एक खूण बदलून साहेबाची पृथ्वी लावली. आमच्या डोळ्यांदेखत जुना नकाशा सरकला, गोठा ओढ्यातून निघाला, विहीर रस्त्यावरून उठली, आंबा बांधाकडे आला. बांधावर येऊन थांबला. नेमका बांधावर नव्हे, जरा नानांच्या बाजूला.

"आजून हिकडंच हाय," नाना म्हणाले.

"ती फोनची चूक. चार-पाच मीटर इकडेतिकडे होतं."

"आन् बांध?"

"दोन फुटांचा."

"म्हंजी तुमच्या मशिनीला बांध ठरिवता येत न्हाई?"

"नाही, नाना. त्याला सरकारी मोजणीच लागते."

"मंग झाक झालं!" नाना एकदम खुलले. "बांध आमचा आमी ठरिवतो. पर ही चूक कुनाची, ते भावकीत कळाय पायजे."

ही गोष्ट मला सोपी होती. आमच्या या फुकट्या धंद्यात प्रत्येक ओळ कुणी, कधी आणि कशासाठी लिहिली, याची वही असते. त्या वहीत शोध घ्यायची एक आज्ञाच आहे आणि तिचं इंग्रजी नाव सरळ 'ठपका' या अर्थाचं आहे. माझ्यावर तो अनेकदा आलेला आहे. मी नवा नकाशा भावकीच्या गटावर टाकला आणि खाली लिहिलं: 'मागच्या नकाशात आंबा, गोठा व विहीर सरकली होती. चूक: जावई. दुरुस्ती: जावई. आंबा होता तिथेच आहे.' दहा मिनिटांत एकोणचाळीस अंगठे आले. दुरुस्तीला की ठपक्याला, ते विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी दोन्ही घरं मामांच्या खाचरात उतरली. जावयालाही उतरवलं. गुडघाभर चिखल, पाठीवर पाऊस. मी एक ओळ लावून पाठ सरळ केली आणि कौतुकाच्या अपेक्षेनं वळून पाहिलं, तर नाना मागून माझी रोपं उपटत येत होते. "लई खोल गेलं. हितं काड्या जास्ती. ही वळ कुनीकडं चालली?" सोळा सूचना! या गृहस्थांना मी कुठेतरी आधी भेटलो आहे, असं मला राहून राहून वाटत होतं.

दुपारी बांधावर भाकरी खाताना नानांनी विषय काढला. "पाव्हनं, तुमचं ते रातचं काम म्हंजी सावडच की. आज तुमी त्येच्या खाचरात, उद्या त्यो तुमच्या."

इतकी वर्षं मला जे सांगता आलं नव्हतं, ते त्यांनी कांदा फोडता फोडता सांगितलं. मी म्हटलं, "हो नाना. फरक एकच. इथं जेवायला लाखो येतात, चिखलात उतरणारे थोडे."

"आन् न उतरनाऱ्याला काय करत्यात?"

"काही नाही. वाढतात."

नाना म्हणाले, "हे मातुर चुकतंय." आणि या मुद्द्यावर माझ्याकडे अजूनही उत्तर नाही. सावडीला न येणाऱ्याला गाव विसरत नाही. आमच्या कामात येणाऱ्यालाच फार थोडे ओळखतात. माणसं थकतात, घरात लेकरं होतात, आणि एखाद्या कोपऱ्यातल्या ओळी बघायला कुणी उरत नाही. पगार नसतो हे खरं. पण म्हणून ते फुकट असतं, हे खरं नाही. कुणाची तरी रात्र त्यात गेलेली असते.

संध्याकाळी पाय धुऊन लेण्यांकडे चक्कर मारली. तिथल्या एका लेण्यावर ब्राह्मी लिपीत एक छोटी ओळ आहे. हे दान बाधा नावाच्या बाईचं, एका नांगरणाऱ्याच्या बायकोचं, एवढंच त्यात म्हटलेलं आहे. नाव बाधा असूनही दोन हजार वर्षांत तिच्या दानाची कुणाला बाधा झालेली नाही. राजांची दानं मोठी असतील; पण एका शेतकरणीनं आपल्या ऐपतीएवढा दगड खोदायला दिला आणि वर नाव घातलं. कुणी खोदलं, कुणी दिलं, कुणी आसरा घेतला. मालक कोण, ते आज सांगता येत नाही. माझ्या पाच ओळी तिच्या दगडाइतक्या टिकतील, असा माझा दावा नाही. चार महिन्यांनी कुणीतरी त्या खोडायचा.

एकदा मनात आलं, की पुढच्या एखाद्या आवृत्तीला 'भाजे' नाव सुचवावं. पण परदेशी मंडळी ते 'भजे' वाचतील आणि जगभरचे नकाशेवाले कांदा आहे का विचारतील, म्हणून गप्प बसलो.

दिवाळीनंतर नव्या तांदळाचं एक पोतं पुण्याला घरी आलं. मामांकडचं नव्हतं, नानांकडचं. वर एक चिठ्ठी दोऱ्यानं बांधलेली. मेहुण्यानं माझ्या तक्त्याची गोष्ट गावभर केली होती, हे ती वाचताना कळलं. नानांच्या ठसठशीत अक्षरात दोनच ओळी होत्या:

'रातच्या कामाचा पगार.

माल: जावई.'